मिठाचा हिशेब

पापलेट जन्मापासून समुद्रात असतं. ज्या पाण्याचा एक घोट पोटात गेला तरी आपल्याला मळमळतं, त्याच पाण्यात ते खातं, वाढतं, अंडी घालतं. तरी पापलेटच्या कालवणात मीठ घालायचं राहिलं, तर कालवण अळणी होतं. तिसऱ्यांचं मात्र उलटं. तिसऱ्या चुलीवर चढवल्या की आई बजावायची, "मीठ बेतानं घाल गं, त्यांचं त्यांच्यापाशी असतं." उकळी आली की शिंपल्या उघडायच्या आणि आतलं पाणी रश्शात उतरायचं, खारट, थेट समुद्राच्या चवीचं.

एकाच समुद्रातून आलेल्या, एकाच पाटीत बसलेल्या दोन जिवांमध्ये एवढा फरक का, हा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरात कुणाला पडला नाही. मीठ किती घालायचं हे ठाऊक होतं, तेवढं पुरे होतं. शास्त्राला हा प्रश्न नीट मांडायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं, आणि त्याचं पक्कं उत्तर हाती आलं ते १९८२ साली. मधला सगळा काळ एका न जुळणाऱ्या हिशेबाचा आहे. माशाच्या अंगात मीठ किती आलं आणि किती गेलं, याचा जमाखर्च मांडायला बसलेल्या माणसांना प्रत्येक वेळी एक रक्कम गहाळ झालेली दिसत होती.

सुरुवात माशापासून फार लांब झाली. १७४८ साली पॅरिसमध्ये आबे नोले या धर्मगुरूनं दारूच्या अर्कानं भरलेल्या भांड्याच्या तोंडाला डुकराच्या मूत्राशयाचा पडदा बांधला आणि भांडं पाण्यात बुडवून ठेवलं. काही तासांनी पाहिलं तर पडदा टम्म फुगलेला. बाहेरचं पाणी पडद्यातून आत शिरलं होतं. पुढे १८२०च्या दशकात आंरी द्युत्रोशे यांनी या ओढीचा पद्धतशीर अभ्यास केला. १८८०च्या दशकात व्हान्ट हॉफ यांनी तिचं गणित बसवलं. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल १९०१ साली त्यांना मिळालं. परासरण हा पाठ्यपुस्तकातला शब्द कुणाला जड वाटत असेल, तर त्यानं कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवावं. तासाभरात फोडींना पाणी सुटतं आणि त्या आक्रसतात. मनुका साध्या पाण्यात घातल्या तर फुगतात. पाणी पातळाकडून दाटाकडे जातं, मधल्या पडद्यातून मिठाला सहज जाता येत नसलं तरी.

आता मासा डोळ्यांसमोर आणा. श्वासासाठी त्याला कल्ल्यांची पातळ कातडी सतत पाण्यात उघडी ठेवावी लागते. बाजारात आपण बोटानं झाकण उचलून कल्ले लाल आहेत का ते बघतो. तो लाल रंग रक्ताचा, आणि ते रक्त पाण्यापासून केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर असतं. म्हणजे समुद्रातला मासा ही मिठात घातलेली कैरीची फोड आहे आणि नदीतला मासा ही भिजत घातलेली मनुका. एकानं आक्रसून मरायला हवं आणि दुसऱ्यानं फुगून. दोघेही मजेत पोहत असतात.

पण समुद्रातल्या माशाचं रक्त खरोखर समुद्रापेक्षा पातळ असतं का, हे कुणीतरी मोजायला हवं होतं. बेल्जियममधल्या लिएज इथले लेओं फ्रेदेरिक यांनी १८८०च्या दशकात समुद्री जिवांच्या रक्तातल्या क्षारांकडे लक्ष वेधलं. मग इटलीतल्या फिलिप्पो बोताझ्झी यांनी १८९७ साली एक सोपी युक्ती वापरली. द्रावण जितकं दाट, तितकं ते उशिरा गोठतं. समुद्राचं पाणी उणे २ अंशांच्या जरा अलीकडे गोठतं. खेकडे, माकूल, शिंपले यांसारख्या बिनकण्याच्या प्राण्यांच्या अंगातलं पाणीही जवळपास तिथेच गोठतं, म्हणजे तिसरीच्या आत समुद्रच असतो. हाडांच्या माशांचं रक्त मात्र उणे पाऊण अंशाच्या आसपास गोठलं. समुद्राच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढंच ते दाट होतं, आपल्या रक्ताच्या बरंच जवळ. आईचा 'मीठ बेतानं' हा सल्ला आता थर्मामीटरवर उतरला होता.

क्लोद बर्नार यांनी त्याआधीच म्हटलं होतं की प्राणी दोन परिसरांत जगतो, एक बाहेरचा आणि एक त्याच्या अंगातला, स्वतः राखलेला. माशाच्या बाबतीत हे अक्षरशः खरं ठरत होतं. पण राखतो कसा?

इथे मोरीची, म्हणजे बाजारातल्या लहान शार्कची, गोष्ट मध्ये आणायला हवी, कारण तिनं हिशेब वेगळ्याच तऱ्हेनं जुळवला आहे. १८५८ साली श्टेडेलर आणि फ्रेरिख्स या जर्मन संशोधकांना शार्क आणि पाकटाच्या अंगात युरिया सापडला, थोडाथोडका नव्हे, माणसाच्या रक्तातल्या प्रमाणाच्या पन्नास पटींहून जास्त. आपल्या रक्तात एवढा युरिया झाला तर मूत्रपिंडं निकामी झाल्याचं डॉक्टर सांगतील. मोरी तो मुद्दाम साठवते. मीठ कमी ठेवून दाटपणाची उरलेली तूट ती युरियानं भरून काढते, त्यामुळे तिचं रक्त समुद्राइतकंच, किंचित जास्तच दाट होतं आणि तिच्या अंगातून पाणी बाहेर पळत नाही. युरिया प्रथिनांची घडी मोडतो. ती सांभाळायला तिच्या अंगात ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड नावाचं दुसरं एक द्रव्य असतं. मोरी शिळी झाली की नाकात झोंबणारा जो वास येतो, तो या युरियाचा. जिवाणू त्याचा अमोनिया करतात. मोरी ताजीच घ्यावी, हा घरोघरचा दंडक या रसायनावर उभा आहे.

हाडांच्या माशांपाशी मात्र युरियाची ही सोय नाही. त्यांचा हिशेब मांडायला बसला होमर स्मिथ, न्यूयॉर्क विद्यापीठाचा शरीरशास्त्रज्ञ. उन्हाळ्यात तो मेन राज्याच्या किनाऱ्यावर माउंट डेझर्ट बेटावरच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत जाई. मूत्रपिंड हा त्याचा आयुष्यभराचा ध्यास. १९२८ साली तो आफ्रिकेत फुप्फुसमासा शोधत गेला होता, तळं आटलं की चिखलात महिनोन्महिने पडून राहणारा. त्यावर त्यानं पुढे कादंबरीही लिहिली.

१९३० साली छापलेला त्याचा प्रयोग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो, कारण त्याला लागलं फक्त रंगाचं पाणी. फिनॉल रेड हा रंग आतड्याच्या भिंतीतून रक्तात जवळजवळ जात नाही. स्मिथनं तो समुद्राच्या पाण्यात मिसळला, त्यात वाम आणि इतर मासे ठेवले आणि काही काळानं त्यांची आतडी उघडली. आत रंग होता, आणि बाहेरच्या पाण्यातल्यापेक्षा बराच दाट. याचा अर्थ एकच निघत होता. मासे समुद्र पीत होते. पाणी रक्तात शिरत होतं आणि रंग मागे राहून दाटत होता. समुद्रातला मासा तहानेला असतो आणि रोज आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आगेमागे खारं पाणी पितो. गोड्या पाण्यातल्या माशाला पाणी प्यायची जवळपास गरजच नाही, ते कल्ल्यांतून आपोआप आत येतं.

इथून खरा जमाखर्च सुरू झाला. प्यायलेल्या पाण्यासोबत मीठही आत गेलं. मग ते बाहेर कुठून गेलं? स्मिथनं सगळ्या वाटा तपासल्या. मॅग्नेशियम आणि सल्फेट आतड्यात मागे राहत होतं किंवा मूत्रातून जात होतं. त्यांची नोंद बरोबर लागली. सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे नेहमीचं मीठ, पाण्याबरोबर रक्तात शिरत होतं. विष्ठेत ते पुरेसं नव्हतं. मूत्र अगदी थोडं होतं आणि रक्तापेक्षा खारट कधीच नव्हतं. रक्तापेक्षा दाट मूत्र तयार करायची सोय माशाच्या मूत्रपिंडात नाहीच. जमेला मीठ, खर्चाला नाही. उरली एकच वाट, कल्ले. स्मिथनं कल्ल्यांतून मीठ जाताना पाहिलं नव्हतं. बाकी सगळे दरवाजे बंद आहेत एवढं दाखवून तो म्हणाला, चोर याच दारानं गेला असणार.

त्याच सुमाराला जॉन्स हॉपकिन्सचे मार्शल आणि स्मिथ यांनी मिळून माशांच्या मूत्रपिंडांकडे पाहिलं. गोड्या पाण्यातल्या माशांत रक्त गाळणारे केशिकांचे गुच्छ मोठे आणि भरपूर असतात. आत शिरणारं पाणी त्यांना सतत उपसावं लागतं. गोल्डफिश दिवसाकाठी आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याएवढं फिकट मूत्र टाकतो. समुद्रातल्या माशांत हे गुच्छ लहान झालेले असतात, आणि टोडफिशसारख्या काहींत तर अजिबात नसतात. यावरून स्मिथनं मोठी झेप घेतली. पृष्ठवंशी प्राण्यांचा जन्म गोड्या पाण्यात झाला आणि आपलं मूत्रपिंड म्हणजे त्या नदीची खूण, असं तो म्हणू लागला. १९५३ सालच्या पुस्तकात त्यानं ही कथा माशापासून तत्त्वज्ञापर्यंत नेली. कथा देखणी होती, पण टिकली नाही. माशांचे सर्वांत जुने जीवाश्म समुद्री थरांतून निघाले, आणि हॅगफिशसारख्या आदिम जिवाचं रक्त आजही समुद्राइतकं खारट आहे. स्मिथचा हिशेब बरोबर होता, त्यावरची वंशावळ चुकली. दोन्ही गोष्टी एकाच माणसानं केल्या हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

गहाळ रकमेमागे आता धावला अँसेल कीज. हे नाव वाचकांनी वेगळ्या संदर्भात ऐकलं असेल. चरबी, कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध सात देशांत तपासणारा, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या शिध्याची आखणी करणारा कीज तो हाच. पण त्याची पहिली डॉक्टरेट समुद्रशास्त्राच्या स्क्रिप्स संस्थेतली, आणि अभ्यास माशांचा. तिथून तो कोपनहेगनला ऑगस्ट क्रोग यांच्याकडे गेला. डेन्मार्कमध्ये वामीला मान होता. तिथल्याच योहानेस श्मिट यांनी बरीच वर्षं अटलांटिक पालथा घालून युरोपातली वाम सरगॅसो समुद्रात जन्मते, असं १९२०च्या दशकात दाखवलं होतं. नदीत वर्षानुवर्षं राहणारी आणि शेवटी समुद्रात परतणारी वाम म्हणजे दोन्ही पाण्यांचा हिशेब ठेवणारा जीव.

कीजनं वामीचं हृदय आणि कल्ले तेवढे जिवंत राखण्याची रीत बसवली. रक्तवाहिन्यांतून एक द्रावण खेळवायचं, कल्ल्यांच्या बाहेर समुद्राचं पाणी ठेवायचं आणि दोन्हीकडचं क्लोराइड अगदी बारकाईनं मोजत राहायचं. १९३१ साली आकडे बोलले. क्लोराइड आतून बाहेर जात होतं, पातळाकडून दाटाकडे, चढ चढून. स्मिथनं बंद दरवाज्यांवरून काढलेला निष्कर्ष आता प्रत्यक्ष पाहिला गेला. नंतर केंब्रिजमध्ये नेव्हिल विल्मर यांच्याबरोबर कीजनं कल्ल्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले. कल्ल्यांच्या पात्यांच्या बुडाशी काही मोठ्या, दाणेदार पेशी वेगळ्या उठून दिसत होत्या. १९३२ साली दोघांनी त्यांना नाव दिलं, क्लोराइड-स्रावी पेशी.

नाव दिलं, पण पुरावा अपुरा होता. कल्ल्यांतून मीठ जातं आणि कल्ल्यांत या पेशी आहेत, म्हणून याच पेशी मीठ टाकतात, असं म्हणणं म्हणजे घरात चोरी झाली आणि घरात पाहुणा होता म्हणून त्याच्यावर आळ घेण्यासारखं. आक्षेप आलेही. काहींना या पेशी निव्वळ श्लेष्मा बनवणाऱ्या वाटल्या. हा वाद तडीला जायला पन्नास वर्षं लागली, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यासाठी कुणाला तरी वेगळ्याच कामासाठी वेगळंच साधन शोधावं लागलं.

पहिली भर क्रोग यांनीच घातली, उलट बाजूनं. गोड्या पाण्यातल्या माशाचं मीठ सतत झिरपून जातं, ते कसं भरून निघतं? १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी गोल्डफिशना क्षारविरहित पाण्यात ठेवून त्यांच्या अंगातलं मीठ कमी होऊ दिलं, मग अगदी अल्प क्लोराइड असलेल्या पाण्यात सोडलं. माशांनी ते क्लोराइड वेचून घेतलं, कल्ल्यांतूनच. म्हणजे जे दार समुद्रात मीठ बाहेर ढकलतं, तेच नदीत मीठ आत ओढतं. १९३९ साली निघालेलं क्रोग यांचं जलचरांच्या परासरणावरचं पुस्तक या विषयाचा पाया ठरलं.

मग दार फिरवतं कोण? १९५९ साली येल विद्यापीठात ग्रेस पिकफर्ड आणि फिलिप्स यांनी किलीफिश या लहानशा माशाची पीयूषिका ग्रंथी काढून टाकली. खाऱ्या पाण्यात तो जगत होता, गोड्या पाण्यात टाकला की काही दिवसांत मरत होता. सस्तन प्राण्याचं प्रोलॅक्टिन टोचलं, तर गोड्या पाण्यातही तगला. प्रोलॅक्टिन म्हणजे आईला दूध आणणारं संप्रेरक. किलीफिशला पिल्लांना पाजायचं नसतं. त्याच्यापाशी हेच संप्रेरक अंगातलं मीठ झिरपू न देण्याचं काम करतं. समुद्राच्या बाजूचं बरंच काम कॉर्टिसॉलकडे असल्याचं पुढे दिसून आलं.

पेशीच्या आतली यंत्रणा डॅनिश हातांनीच उघडत गेली. १९५७ साली ऑरहूसमध्ये येन्स स्को यांना खेकड्याच्या चेतातंतूंत एक विकर सापडलं, जे पेशीतलं सोडियम बाहेर फेकतं, पोटॅशियम आत घेतं आणि त्यासाठी पेशीचं इंधन जाळतं. १९९७ साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. या पंपाला अडवणारं वाबेन हे विष पूर्व आफ्रिकेत बाणांच्या टोकांना लावलं जाई.

सगळ्यांची अपेक्षा होती की मीठ बाहेर टाकणारा पंप पेशीच्या समुद्राकडच्या तोंडाशी असेल. १९७७ साली सिल्व्हा, एपस्टाइन आणि सहकाऱ्यांनी वामीवरच्या प्रयोगांतून दाखवलं की वाबेन रक्ताच्या बाजूनं दिलं तरच मीठ थांबतं. पंप मागच्या दाराशी होता. त्यांनी मांडलेलं चित्र आजही मोठ्या अंशी तसंच आहे. पंप पेशीतलं सोडियम उपसून रक्ताकडेच परत टाकतो. पेशीत सोडियमची तूट पडते, म्हणून ते रक्तातून पुन्हा आत धाव घेतं आणि येताना क्लोराइडला हाताला धरून आणतं. साचलेलं क्लोराइड समुद्राकडच्या वाटेनं निसटतं, आणि त्याच्या विद्युतभाराच्या ओढीनं सोडियम पेशींच्या मधल्या फटींतून मागोमाग जातं. विहिरीवर मोटेचा बैल विहिरीपासून दूर चालतो आणि पाणी वर येतं, तसंच काहीसं.

तरी हे काम नेमकी तीच पेशी करते, हे दाखवणं बाकी होतं. कल्ल्याची रचना झिरमिळ्यांची; ती सपाट ताणून यंत्रात बसवता येत नाही. हान्स उसिंग यांनी बेडकाच्या कातडीसाठी दोन कप्प्यांचं एक उपकरण बनवलं होतं, ते सपाट पडदाच मागतं. १९७७ साली कार्नाकी आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की किलीफिशच्या कल्ल्यांवरच्या झाकणाच्या आतल्या कातडीत याच पेशी दाटीनं असतात, आणि ती कातडी सपाट आहे. आपण बाजारात जे झाकण बोटानं उचलतो, त्याचीच आतली बाजू. पाच वर्षांनी फॉस्केट आणि शेफी यांनी खाऱ्या पाण्यात वाढवलेल्या तिलापियाचं तसंच कातडं घेतलं आणि त्यावर थरथरणारी अतिसूक्ष्म सुई एकेका पेशीवरून फिरवली. वीजप्रवाह क्लोराइड-स्रावी पेशींच्या तोंडांवरच सापडला, आसपासच्या पेशींवर नाही. १९३२ सालचा आळ १९८२ साली सिद्ध झाला.

तो तिलापिया मोझांबिकचा. हीच जात १९५२ साली भारतात आणली गेली, आणि तिलापियाला आपल्याकडे धरणांच्या काठी चिलापी म्हणतात.

मोरीकडे एकदा परत जायला हवं. युरियानं पाण्याचा प्रश्न सुटला तरी समुद्रातून झिरपणारं मीठ तिलाही काढावंच लागतं. १९६० साली बर्गर आणि हेस यांनी तिच्या आतड्याच्या शेवटाशी असलेल्या बोटभर ग्रंथीचा उलगडा केला. त्या ग्रंथीतून रक्ताच्या साधारण दुप्पट मीठ असलेला द्रव पाझरतो. बाकी काहीच काम नसलेली, फक्त मीठ टाकणारी ही ग्रंथी संशोधकांना मोठं घबाड वाटली. सोडियम-क्लोराइडला हाताला धरून आत आणणाऱ्या प्रथिनाचा जनुक १९९४ साली तिच्यातूनच वेगळा काढला गेला. त्याच कुळातलं प्रथिन आपल्या मूत्रपिंडात आहे. पायाला सूज आली, छातीत पाणी साठलं की डॉक्टर फ्युरोसेमाइडची गोळी देतात; ती याच प्रथिनाला अडवते. घरात कुणाची ती गोळी चालू असेल, तर मोरीच्या त्या बोटभर ग्रंथीशी तिचं नातं आहे.

पापलेटाला हा दरवाजा फिरवावा लागत नाही, ते आयुष्यभर समुद्रातच असतं. फिरवतो तो जिताडा. त्याची वीण खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात होते आणि पिल्लं भरतीबरोबर आत चढतात. अलिबाग-पेणच्या खारेपाटात पावसाळ्यात ही पिल्लं पकडून घराजवळच्या गोड्या तळ्यात सोडायची रीत जुनी आहे. तळ्यात पडलेल्या पिल्लाच्या कल्ल्यांत पुढच्या काही दिवसांत जुन्या पेशी झडतात, त्यांच्या जागी नव्या येतात, आणि मीठ बाहेर फेकणारं अंग मीठ वेचायला लागतं. तळ्यातला जिताडा आणि खाडीतला जिताडा चवीला वेगळे, हे खारेपाटातला कुणीही सांगेल, आणि कोणता चांगला यावर भांडेलही. कालवणात मीठ मात्र दोघांना सारखंच पडतं.